राधाच्या मापाची सायकल

मुलुंड (पूर्व),
शनिवार, ६ डिसेंबर १९८६

शेवंती,

वडील बहिणीने धाकटीला पत्राच्या आरंभी आशीर्वाद द्यायचा असतो. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर तो तुला चालेल की नाही हे ठाऊक नसल्यामुळे ती ओळ मी सोडून देते आहे. तुझ्या यजमानांच्या तेराव्याला, चार माणसांदेखत, ‘इथे कणकवलीत राहिली तर हिचं मातेरं होईल’ असं म्हणून मी तुझ्या चौदा वर्षांच्या मुलीला मुंबईला घेऊन आले. ते मत मी मागे घेत नाही. त्या दिवशी ते बोलून दाखवायला नको होतं, एवढं मान्य करते.

आता पत्राचं कारण. राधाला राज्याच्या ज्युनिअर सायकल संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं आहे. चाचणी १ फेब्रुवारीला, पुण्यात. सोबतच्या अर्जावर पालकाची सही लागते. आजवर मावशीची सही चालत होती. या वेळी संघटनेच्या चिटणीसांनी लाल शाईने ‘आई किंवा वडील’ असं लिहून अर्ज परत पाठवला. तो सात जानेवारीपर्यंत टपालात पडला पाहिजे.

राधा कुशल आहे. बारावीचा अभ्यास समाधानकारक म्हणावा इतपत आहे. मध्यंतरी तिच्या खांद्याला थोडी दुखापत झाली होती, ती भरून आली. सध्या आम्ही तिच्यासाठी नवी सायकल शोधत आहोत, आणि या उपनगरांतल्या दुकानदारांचं अज्ञान पाहून मी थक्क झाले आहे.

आज इथल्याच एका दुकानात गेलो. शर्यतीची सायकल, मुलीसाठी, तिच्या मापाची, असं मी स्वच्छ सांगितलं. दुकानदाराने पुढे बास्केट आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली गुलाबी सायकल बाहेर काढली.

‘मॅडम, लेडीजमध्ये हीच चालते. एकदम झकास.’

‘मी शर्यतीची म्हटलं.’

‘रेसर जेंट्सचीच असते हो. लेडीज रेसर कोण बनवणार?’ मग राधाकडे वळून, ‘ताई, मार्केटला जायचंय की काश्मीरला?’

‘कन्याकुमारीला,’ राधा म्हणाली. ‘बास्केटमध्ये तुम्हाला बसवून नेते.’

तो मनुष्य खो खो हसला आणि आतून पुरुषांची रेसर घेऊन आला. वाकडं हँडल, आडवा दांडा, चोवीस इंची फ्रेम. राधा फूटपाथवरच तिच्यावर चढली, तर तिच्या पायांची बोटंसुद्धा जमिनीला टेकेनात. त्याने पाना घेतला, सीट खाली ठोकली आणि म्हणाला, ‘घ्या, बसली फिट!’ मापात न बसणारी प्रत्येक गोष्ट सीट खाली करून बसवायची, ही या धंद्यातली एकमेव विद्या दिसते.

मी राधाला ब्रेकच्या मुठी दाबून दाखवायला सांगितलं. हँडलच्या वरून आणि खालूनही. पाच-सहा वेळा. त्या सबंध वेळात मी सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, हे राधा बोलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

‘मावशी, सोड ना. सायकल स्टँडवर आहे.’

खूण केली आहे तिथे सही कर आणि अर्ज उलट टपाली पाठव.

अनुपमा


मुलुंड,
गुरुवार, १८ डिसेंबर

शेवंती,

तुझं कार्ड मिळालं. सही नाही, अर्ज नाही, नुसते प्रश्न. आठ महिन्यांपूर्वी घेतलेली सायकल कुठे गेली? ‘थोडी दुखापत’ म्हणजे काय? आणि दिवाळीला राधा घरी आली नाही, तेव्हाच्या तिच्या पत्रात ‘जादा तासांमुळे रजा मिळणे दुरापास्त आहे’ हे वाक्य कुठून आलं? तू लिहितेस, ‘माझी पोर जन्मात दुरापास्त म्हणायची नाही. सांगितलंस तू, लिहिलं तिने. का?’

जुनी सायकल वापरण्याजोगी राहिली नाही. राधा सरावात पडली. सराव करणारी मुलं पडतात, त्यात असाधारण काही नाही. वाक्य माझं आहे. तिच्या हाताला पट्टा होता, आणि तो घेऊन एस.टी.ने बारा-चौदा तासांचा प्रवास करणं इष्ट नव्हतं. तुला विनाकारण घोर लागू नये, एवढाच हेतू होता.

गेल्या दहा दिवसांत घाटकोपर, अंधेरी आणि मालाड पालथं घातलं. घाटकोपरच्या दुकानदाराचा सल्ला असा, की ‘मोठीच घ्या, दीदी अजून उंच होईल ना.’ सतराव्या वर्षी! अंधेरीला पायडलवर लाकडी ठोकळे बसवून देतो म्हणाले. (अंधेरीच्या दुसऱ्या एका दुकानात मी गेले नाही. तिथे पूर्वी एकदा जाणं झालं आहे.)

मालाडला मात्र वीस इंची फ्रेमची रेसर निघाली. रंग बेताचा, पण जोडकाम नीट. विक्रेता तरुण आणि जरा वाचाळ. राधा चढली. पाय अगदी बरोबर टेकले, गुडघा हवा तितकाच वाकत होता. मग ती पुढे झुकली, हँडलच्या खालच्या बाकावर, म्हणजे वळलेल्या भागावर, हात ठेवले, बोटं ताणली, आणि म्हणाली,

‘मावशी, हात पोचत नाही.’

मी विक्रेत्याला म्हटलं, आम्हाला ही नको. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि तो विक्रेता पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभा होता.

‘काय झालं, बाई? चक्कर आली?’

‘ऊन लागलं.’

‘डिसेंबरात?’ तो म्हणाला. राधाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने एक पत्ता दिला. ‘दुकानात नाही मिळायची तुम्हाला. साकीनाक्याला सहदेव मिस्त्री आहे. तो बनवून देईल. तोंडाचा फाटका आहे, पण हात सोन्याचा.’

अर्जाची मुदत लक्षात असू दे.

अनुपमा


मुलुंड,
रविवार, २१ डिसेंबर

शेवंती,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. गुरुवारच्या पत्रात एकही विधान खोटं नव्हतं. मी तसंच ते रचलं होतं. काल साकीनाक्याला जायचं म्हणून निघाले आणि बसस्टॉपवरूनच परत आले. तुला सारं सांगितल्याशिवाय मी दुसरी सायकल घेऊ शकेन, असं मला वाटत नाही.

पहिली सायकल आपण, म्हणजे मी, पाडव्याला अंधेरीच्या एका दुकानातून घेतली. राधाच्या पायाची लांबी मी घरीच भिंतीला पाठ टेकवून, गुण्या लावून मोजली होती. एका परदेशी नियतकालिकातलं सूत्र होतं, त्यावरून फ्रेम वीस इंची आली. आलेखाच्या कागदावर मी सायकलची आकृती काढली होती. तो कागद पाहून दुकानदार म्हणाला, ‘बाई, ते ठीक आहे, पण पोरीला एकदा बसू द्या ना. एक चक्कर मारू द्या.’

शेवंती, मी नाही म्हटलं. दुकान भर रस्त्यावर, शेजारी चहाची टपरी, तिथे दहा पुरुष उभे. राधा स्कर्टमध्ये होती. दांड्याच्या सायकलवर तिने त्या सर्वांसमोर टांग टाकायची, आणि माझ्या महाविद्यालयातलं कुणी तिथून जात असलं तर? मला ते अप्रशस्त वाटलं. मी म्हटलं, ‘त्याची गरज नाही, मापं माझ्याजवळ आहेत.’ सायकलला हार घातला, नारळ फोडला, आणि टेम्पोत घालून ती घरी आणली. राधा तिच्यावर पहिल्यांदा बसली ती आमच्या इमारतीच्या आवारात.

पायांना सायकल तंतोतंत होती. राधाचे पाय तुझे आहेत, लांब. पण धड आणि हात आखूड आहेत, तळवा तर लहान मुलीचा. मी फक्त पाय मोजले होते. सूत्रात तेवढंच होतं.

तिने त्याच दिवशी सांगितलं. ‘मावशी, खाली वाकलं ना, की ब्रेकला हात पोचत नाही.’ मी म्हटलं, सवय होईल. जून महिन्यात तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, तक्रारीपेक्षा सराव वाढव. एकदा तिने मला स्वतः बसून बघ म्हटलं, तेव्हा तर मी तिला उद्धटपणाबद्दल चांगलंच सुनावलं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. सकाळी सातचा सुमार, आरे कॉलनीतला लांब उतार. मी उतार संपतो तिथे घड्याळ घेऊन उभी होते. आदल्या फेरीत तिने वेग आवरायला हात वर घेतले होते, म्हणून मीच तिला बजावून पाठवलं होतं, की या फेरीत हात खालच्या बाकावरून हलता कामा नयेत. ती आली. किती सुंदर येत होती! तेवढ्यात तबेल्याकडून म्हशी रस्त्यावर उतरल्या. राधाने बोटं ताणलेली मला दिसली. ती पोचली नाहीत. मग तिने ब्रेक धरायला हात वर उचलला, आणि त्या अर्ध्या क्षणात हँडल फिरलं.

गळ्याजवळचं हाड मोडलं. हनुवटीला सहा टाके. आणि हे मी डॉक्टरांखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही, राधालासुद्धा: ती अकरा मिनिटं शुद्धीवर नव्हती. अकरा हा आकडा मला ठाऊक आहे, कारण हातातलं घड्याळ बंद करायचं मी विसरले होते.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, डोक्याची तपासणी केली आणि निर्वाळा दिला. हाड आठ आठवड्यांत जुळलं. राधा पुन्हा सायकल मागते. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. सगळी माझ्या वाट्याला आली आहे. वर्गात फळ्यावर उतरणीचं गणित मांडताना परवा माझ्या हातातून खडू पडला. मुली हसल्या. मी त्यांना रागावले.

तू सही करू नयेस असं मला वाटतं. तू सही करावीस असंही मला वाटतं. तिला न्यायला तू आलीस तर मी अडवणार नाही.

अनुपमा


मुलुंड,
शुक्रवार, २ जानेवारी १९८७

शेवंती,

सही केलेला अर्ज आज मिळाला. सोबतची चिठ्ठी मी तीनदा वाचली. ‘मी येऊन तिला घेऊन गेले असते. पण ती माझ्याबरोबर यायची नाही, इतकी ती आता तुझी झाली आहे. सही केली. पण टपालात टाकायचं ते तू. त्याच उतारावर ती थांबते का ते तुझ्या डोळ्यांनी बघ. थांबली तर टाक, नाही तर फाडून टाक.’

याहून कठोर शिक्षा तुला सुचली नसती, आणि याहून योग्यही. अट मान्य.

सायकल उद्या तयार होते आहे. बावीस तारखेला आम्ही साकीनाक्याला गेलो. सहदेव मिस्त्री आपल्याच बाजूचे, मालवणकडचे. गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी सुटली, आता पत्र्याच्या एका गाळ्यात अपंगांच्या तीनचाकी आणि हातगाड्या बनवतात. मी वही उघडून पायाची, हाताची, धडाची, बोटांची मापं वाचायला सुरुवात केली. या वेळी काहीही सुटलं नव्हतं. त्यांनी दोन ओळी ऐकल्या.

‘बाय, ती वही मिट आधी.’

‘मापं अचूक आहेत.’

‘असतीत. माका कागद नको, पोरगी होयी.’ आणि राधाला, ‘गो, ये हय. बस या घोड्यार.’

घोडा म्हणजे एक लोखंडी तिकाटणं. त्यावर सायकलची सीट, खाली पायडलं, पुढे काहीच नाही. राधा बसली. ते म्हणाले, ‘डोळे मीट. आता वाक, आणि हात सोड. खंय जातत ते जाऊ देत. ताणू नको.’ तिचे हात हवेत जिथे विसावले, तिथे त्यांनी एक सळई धरून खडूने खूण केली. तसं तीनदा केलं. तिन्ही खुणा एकमेकींना चिकटून आल्या. माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा त्या दोन बोटं अलीकडे होत्या.

‘हे कसं?’ मी विचारलं.

‘तुम्ही मापलात तेव्हा तिना हात ताठ धरल्यान असतलो. मास्तरीण मापता म्हटल्यार कोण सैल बसात?’

राधा फिस्सकन हसली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं ती माझ्यापुढे हात ताठ धरूनच बसली आहे की काय, हा विचार त्या गाळ्यातून बाहेर पडेपर्यंत सुटला नाही.

ब्रेकसाठी त्यांनी लाकडाच्या फटी बुजवायची मऊ लांबी घेतली, तिचा गोळा नळीवर थापला आणि राधाला म्हणाले, ‘म्हस समोर इली असा समज. दाब.’ तिने दाबला. बोटांचे जे वळ उमटले त्यावरून ते ब्रेकच्या मुठी वाकवून बसवणार आहेत. म्हैस हा शब्द त्यांनी सहज वापरला. आम्ही काही सांगितलं नव्हतं.

आडवा दांडा दोन इंच आखूड, हँडल पुढे धरणारा लोखंडी हात त्याहून आखूड. निघताना मी विचारलं, ही सायकल सुरक्षित आहे, याची खात्री तुम्ही देता का?

‘सायकलीची देतंय,’ ते म्हणाले. ‘रस्त्याची मी कोण देणारो?’

रविवारी सकाळी आरेला जाऊ.

अनुपमा


मुलुंड,
मंगळवार, ६ जानेवारी

शेवंती,

जे घडलं ते क्रमाने लिहिते. वाचून तुला संताप येईल. तो पुरता येऊ दे.

रविवारी पावणेसातला आम्ही उतारावर होतो. सायकल काळी आहे, तिच्यावर एकही अक्षर नाही. राधा तिच्यावर बसली तेव्हा ती सायकल वेगळी दिसतच नव्हती. मी तिला सांगितलं, की खाली वडाच्या झाडाशी मी उभी राहीन आणि रुमाल हलवीन. रुमाल दिसला की थांबायचं. ती वर गेली. मी झाडाखाली उभी राहिले. रस्ता निर्मनुष्य होता, तबेल्याकडेही काही हालचाल नव्हती.

ती वळणावरून दिसली आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेला कुणीही थांबेल. म्हशींनी रुमाल हलवला नव्हता. हे पूर्वी ठरवलेलं नव्हतं, यावर विश्वास ठेव. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

तू लिहिलं होतंस, ‘तुझ्या डोळ्यांनी बघ.’ तुझी अट मी पाळू शकले नाही. ती चाळीस-पन्नास पावलांवर असताना माझे डोळे मिटले. उघडायचे म्हटलं तरी उघडेनात. रबर घासल्याचा आवाज ऐकला. नंतर काहीच ऐकू येईना, आणि त्या शांततेत मी तिला पुन्हा रस्त्यावर पालथी पडलेली पाहिली, मिटल्या डोळ्यांनी, अगदी हनुवटीखालच्या रक्तासकट.

मग तिचा आवाज आला.

‘मावशी! डोकं फिरलंय काय गं तुझं? मरायचंय का?’

डोळे उघडले तेव्हा ती एक पाय जमिनीला टेकवून उभी होती. दोन्ही हात खालच्या बाकावर, बोटं ब्रेकवर, हलली नव्हती. पुढचं चाक माझ्यापासून किती अंतरावर होतं हे तू विचारशील. मी मोजलं नाही.

‘ब्रेक लागला नसता म्हणजे?’ ती ओरडत होती.

‘तर तू माझ्यावर पडली असतीस,’ मी म्हटलं. ‘रस्त्यावर नाही.’

तिची बोटं अजून ब्रेक दाबूनच होती. तिला भ्यालेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली, आणि ती माझ्यामुळे भ्यालेली होती. तिने सायकल झाडाला टेकवली, मला दंडाला धरून कडेला नेलं आणि कठड्यावर बसवलं. मग ती म्हणाली, ‘पुन्हा असं केलंस ना, तर मी सायकलला हात लावणार नाही. खरंच सांगते.’ आणि घरी येताना, ‘आईला यातलं काही लिहू नकोस हं. सही परत मागेल ती.’

मी ‘बरं’ म्हटलं.

रविवारी दुपारी हे पत्र लिहायला बसले आणि उठले. काल पुन्हा तेच. नीट विचार करता, आधी हे पत्र धाडून तुझं उत्तर यायची वाट पाहणं हेच उचित होतं. पण मुदत उद्याची आहे, आणि खरं सांगायचं तर मला तुझ्या नकाराचं भय वाटलं. तुझ्या होकाराचं त्याहून जास्त वाटतं. पुण्याच्या रस्त्यांवर उतार किती आहेत, हे मी नकाशात पाहिलं आणि नकाशा मिटून ठेवला.

चाचणीला तू येशील का? मी तिथे एकटी उभी राहू शकेन, असं मला वाटत नाही. एक तारखेला सकाळी सहाला सुरू होते. राधाला विचारलं नाही, मीच विचारते आहे.

आज दुपारी महाविद्यालयातून येताना अर्ज टपालात टाकला. पाकीट सोडलं, तरी हात पेटीच्या तोंडातून बाहेर काढायला मला वेळ लागला. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ शेवटी म्हणाले, ‘बाई, पडलं ते आत.’

अनुपमा